पांढरे मोजे

लेक चार्ल्सच्या दक्षिणेला, रस्ता संपता संपता
जिथे खारट चिखलाचा वास येऊ लागतो,
तिथे अर्लीन बॅबिनोचं घर. तीन आठवडे बंद.
कुत्रा गेल्यावर ती बहिणीकडे राहिली, बोमॉन्टला.
परत येऊन दार उघडलं, दोन पावलं टाकली
आणि गालिचा उठून पोटऱ्यांना चावला.

"कुत्रा तर नाही," ती म्हणाली, "मग या कुणाच्या?"

मी पाठीवरची टाकी खाली ठेवली.
एकोणीस वर्षं या धंद्यात काढली, प्रश्न नवा नाही.
म्हटलं, वाट बघत होत्या.
कोशात दम धरून, पावलांच्या हादऱ्याची.
रिकाम्या घरात पिसू बाहेर पडत नाही.
कुणीतरी परत यावं लागतं.

मग नेहमीचं सगळं :
माशांची टाकी झाका, हवेचा पंप बंद करा,
सोफ्याच्या गाद्या काढा, पलंगाखालचे खोके बाहेर.
रोज व्हॅक्यूम फिरवा, पिशवी लगेच बाहेर टाका.
गालिचा धुवायचा नाही, कितीही वाटलं तरी.
आणि घाबरू नका, अजून दोन-तीन आठवडे त्या दिसतील.
कोशाला काही लागत नाही. ना माझं औषध, ना तुमचे शाप.

"म्हणजे हे मारत नाही?"

टाकीत दोन औषधं आहेत, बाई. एक मारतं.
दुसरं नुसतं समजूत घालतं.
अळीच्या अंगात बालपणाचा एक रस असतो,
तो ओसरला की ती अंगाभोवती कोश विणते.
हे औषध त्या रसाचं सोंग घेतं.
तिला सांगत राहतं, अजून लहान आहेस, अजून लहान आहेस,
आणि ती बिचारी ऐकते. तिथेच संपते.

(इथे मी एक विनोद करतो :
माझा पोरगा सत्तावीस वर्षांचा, त्याच्यावर कुणी फवारलं देव जाणे.
गिऱ्हाईक हसतं.
अर्लीन हसली नाही.)

"लहान असताना खातात काय?"

खोटं बोलायला हवं होतं. धंद्यात तेवढं चालतं.
पण दुपार होती, दमट, जीभ सैल होती.
मोठ्यांची विष्ठा, मी म्हणालो. म्हणजे वाळलेलं रक्त.
काळी पूड दिसते ना, मिरीसारखी, ती.

"कुणाचं रक्त?"

मी नळीचं तोंड उगाच पुसत बसलो.

"रूफसचं," तिनंच सांगितलं.
मग खिडकीखालच्या त्या फिकट लंबगोलाकडे बघितलं,
जिथे चौदा वर्षं एकाच अंगाने निजून निजून
गालिच्याची लव कायमची आडवी झाली होती.
"तेवढं सोडता येईल?"

नाही, मी म्हणालो. सगळ्यात आधी तेच.

ती बाहेर जाऊन गाडीत बसली. काचा वर, इंजिन बंद, त्या उकाड्यात.
मी कोपऱ्यापासून सुरुवात केली, मागे सरकत,
जसं शिकवलंय तसं, आपल्याच पावलांवर न येता.
खिडकीखाली आलो तेव्हा
हात जरा थांबला. मग दाबला.

जाताना तिला पांढरे मोजे घालायला सांगितलं, गुडघ्यापर्यंतचे.
रोज संध्याकाळी घरभर चाला, काळे ठिपके मोजा.
आकडा उतरत जाईल, तसं कळेल.

पहिल्या रात्रीचा फोन : एकेचाळीस.
मग सव्वीस. मग, एका रविवारी, अकरा.
ती मारत नव्हती त्यांना, हे मला नंतर कळलं.
सोफ्यावर बसायची, पाय समोर घेऊन,
आणि त्या आपणहून उडून जाईपर्यंत बघत राहायची.

बावीसाव्या दिवशी फोन आला नाही.
मीच केला, हिशेब मिटवायचा होता.

"एकही नाही," ती म्हणाली.
छान, मी म्हणालो.
पलीकडून पावलं ऐकू येत होती,
या खोलीतून त्या खोलीत, पुन्हा या खोलीत,
मुद्दाम जोरात टाकलेली.